माळ्यावरचं वारं

सडक्या कांद्याचा उग्र वास आला, की पेठचं आमचं नवं पत्र्याचं घर आठवतं. माळ्यावर साठवलेला कांदा सडू लागला, म्हणून गवंड्याने आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत सिमेंटची जाळी बसवली. खळ्यावर धान्य उपणताना वारं बघायची, तसा आईने माळ्यावर चढून सुपातून भुसा सोडला. तो सरळ खाली पडला. “भाऊ, वारं आत येऊन जायाचं कुठं? समोरच्या भिंतीतबी जाळी पायजे.” “वैनी, घर हाय का खळं?” गवंडी हसला. आई हटली नाही. दुसरी जाळी बसल्यावर तिने पुन्हा सूप हलवलं, तर भुसा तिरपा उडत थेट गवंड्याच्या मिशांत. कांदा दिवाळीपर्यंत टिकला. आता मी घरांचे नकाशे काढते. समोरासमोरच्या जाळ्या आधी, बाकीचं नंतर. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी ताठ मानेने सांगते, “आईच्या खळ्यावर.”