निसवायच्या आधी

धान निसवू लागलं, पोटातल्या लोंब्या बाहेर पडू लागल्या, की एकोडीच्या शिवारावर एक मंद, दुधाळ सुगंध उतरतो. फुलाचा म्हणावा तर फूल डोळ्यांत भरत नाही, आणि उगीचच वाटत राहतं की कुठेतरी जवळच भात शिजतो आहे. यंदाच्या आश्विनात त्या सुगंधात मी आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, बसले होते आणि मनात मात्र आग होती.

आग म्हणजे खरोखरीचीच. लग्नानंतर मी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या श्रद्धेने. आणि इतकी वर्षं त्या प्रार्थनाघरात मला सुखच लाभलं. पण वैशाखात बाबा गेले, आणि पाठोपाठ बाहेरगावच्या एका उपदेशकांनी अंतिम न्यायावर प्रवचन केलं. ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही त्यांच्यासाठी न विझणारा, अनंतकाळचा अग्नी आहे, हे त्यांनी साकोलीच्या बसची वेळ सांगावी इतक्या सहज सांगितलं. माझे बाबा जन्मभर तलावाच्या पाळीवरल्या मारुतीला पाणी घालून शेतात गेले. त्या रविवारपासून माझ्या घशाखाली घास उतरेना.

निदान मायला तरी वाचवावं, म्हणून मी गावी आले होते. धुऱ्यावर तिला सगळं सांगितलं, अग्नीसुद्धा. ती उरलंसुरलं तण उपटत होती; कंबर सरळ करून उभी राहिली. "तुया सरगात तुये बाबा नसतीन, त मी तठी एकटी बसून काय करू?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकली. तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला रडू आलं.

रडणं लपवायला मी चिखलात उतरले. धानात हुबेहूब धानासारखंच दिसणारं एक तण असतं. लहानपणी, रोवणी होऊन थोडे दिवस झाले असताना, अतिशहाणपणा करून मी बांधीचा एक अख्खा कोपरा साफ केला होता. बाबांनी ढीग चाळला तर त्यात निम्म्याहून जास्त धानच. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते खाली बसून एकेक रोप पुन्हा रोवत होते. "निसवल्याबिगर वळखू येत नाही, बाई. राहू दे. कापनीले पाहू."

आणि तिथेच, पोटरीभर चिखलात, कितीदा ऐकलेला प्रभूचा तो दृष्टान्त मला पहिल्यांदा ऐकू आला. गव्हात कोणी निदण, म्हणजे तणच, पेरलं, चाकर उपटायला धावले, आणि मालक म्हणाला, थांबा, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. कापणीनंतर ते निदण जाळण्याची गोष्ट त्यातही आहे, ती मी पुसणार नाही. पण निवड करायला चाकरांना सांगितलेलंच नाही. शेतकऱ्याची लेक असून एवढं माझ्या ध्यानात येऊ नये, याचं मलाच हसू आलं. न्याय आहे, असं मी आजही मानते. तो माझा नाही, त्या उपदेशकांचाही नाही. आणि ज्याचा आहे, त्याच्या हातांना माझ्या बाबांच्या हातांहून अधिक घाई असेल, हे काही मला पटेना.

किती महिन्यांनी छातीभर श्वास घेतला. दुपारी मायच्या हातची भाकर दोनदा मागून घेतली.

उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघी निंदत होतो. एका रोपाशी माझा हात थांबला. धान की तण, कळेना, ते अजून निसवलं नव्हतं. मायने पाहिलं आणि आपल्या ओळीत निंदत राहिली. ते तसंच ठेवून मी पुढे सरकले.