कापूस भरलेला हातमोजा

बारशात आत्याला काम एकच असतं आणि त्या कामासाठी तिला मारही खावा लागतो. बाळ पाळण्यात घातलं की आत्याने वाकून त्याच्या कानात 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि मागे टपून बसलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आमच्याकडे हे धपाटे नाजूक वगैरे नसतात, चांगले सणसणीत असतात. त्यातून मी भावापेक्षा मोठी, बिनलग्नाची, बोरिवलीला एकटी राहणारी आणि तोंडाने फटकळ. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी धाकट्या मावशीचा फोन आला होता, "पाठ तयार ठेव गं, सगळं उट्टं काढणारे मी."

भाची आता सिनियर केजीत आहे. ते धपाटे मी अजून खाल्लेले नाहीत.

ती घाटकोपरला जन्मली, वहिनीच्या माहेराजवळच्या प्रसूतिगृहात. मी ऑफिसातून परस्पर तिथे पोहोचले तेव्हा भाऊ पेढे आणायला खाली गेला होता आणि आई खोलीत खुर्चीवर बसून होती. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून आईच्या मांडीवर दिलं. आईने आधी रंग पाहिला, मग नाक पाहिलं आणि ते आपल्यावर गेल्याचं जाहीर केलं. मग दुपटं सैल करून ती हातापायाची बोटं बघायला लागली, तशी ती प्रत्येक नव्या बाळाची बघते. पाय झाले, उजवा हात झाला. डाव्या हाताशी ती थांबली. तळहात अर्धाच होता. अंगठा होता, लहानसा, आणि बाकीच्या बोटांच्या जागी ज्वारीच्या दाण्यांएवढे उंचवटे होते. आईने दुपटं पुन्हा गुंडाळलं, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि मला म्हणाली, "पंखा कमी कर. बाळाक वारो लागता." आई मुंबईत जन्मभर राहिली, पण घाबरली की तिची मालवणी वर येते.

भाऊ पेढे घेऊन आला. त्याला मी सांगितलं. त्याने पुडा खिडकीत ठेवला आणि बाळाच्या कपाळावर नुसता हात ठेवून उभा राहिला. त्या पुड्याला नंतर मुंग्या लागल्या.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हात पोटात फार लवकर तयार होतो, बाईला दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं तेव्हा. कधीकधी तो पुरता घडत नाही. यात आईचं काही चुकलेलं नसतं. बाळाला दुखत नाही, बाकी सगळं उत्तम आहे. वहिनीने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या काकूने विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतंस का गं? वहिनी बँकेत अधिकारी आहे, आणि ती बिचारी खरोखर आठवायला लागली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तिने नाही, मी चिरलं होतं, अख्खं कलिंगड. मला विचारा काय ते." काकू उठून बाहेर गेल्या, पण वहिनीचं आठवणं काही थांबलं नाही. कितीतरी महिने ती भाजी चिरता चिरता मध्येच सुरी खाली ठेवायची.

तान्ह्या बाळांना सगळेच हातमोजे घालतात. नखांनी तोंड ओरबाडून घेऊ नये म्हणून ते मऊ सुती पिशवीसारखे असतात, मनगटाशी नाडी असते. भाचीला घातले तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. बाळ मुलुंडला आई-भावाच्या घरी आलं, शेजारणी आल्या, "अगदी बाबांवर गेलीय ना" म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या. त्या गेल्यावर मी तिला उचललं. डावा मोजा हाताला लागला तर तो उजव्याइतकाच गरगरीत. नाडी सोडली. आत कापूस होता, अगदी निगुतीने भरलेला. चपटा दिसू नये म्हणून.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. त्या घरात निगुतीचं जे काही असतं ते आईचं असतं. चष्म्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत कुठली वस्तू कुठे आहे ते फक्त तिला ठाऊक असतं.

"माका काय हौस आसा?" आई म्हणाली. "लोकांची तोंडा कोण धरतलो?"

"लोकांचं सोड. तिला काय वाटेल?"

"तिका आता काय समजता?"

मी तो कापूस कचऱ्यात टाकला. पुढच्या खेपेला गेले तर नवा भरलेला होता.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. मी काळ्या मण्यांच्या मनगट्या घेतल्या होत्या, मध्ये सोन्याचा एकेक मणी. भावाने फोन केला. तो स्वभावाने मऊ, मला कशाला म्हणून नाही म्हणत नाही. म्हणाला, "ताई, बारसं नको करूया आता." मी म्हटलं, वेड लागलंय का तुला. तो म्हणाला, "लोक बारशाला नाही येणार गं. तिचा हात बघायला येतील." मला भांडायचं होतं आणि त्याच्या आवाजाने मला भांडता आलं नाही. नाव त्यांनी मी सुचवलं होतं तेच ठेवलं. ते महापालिकेत नोंदवून आल्यावर त्याने मला मेसेज केला. आत्याने ज्या नावासाठी पाळण्यात वाकायचं, ते मला बसस्टॉपवर मोबाइलमध्ये वाचायला मिळालं. मी तिथेच रडले, एका बाईने मला पाणी दिलं.

काही महिन्यांनी ते तिला हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मीही हट्टाने गेले. बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही मोजे काढून टेबलावर ठेवले. कापूस बाहेर आला तो त्यांनी पाहिला आणि बाजूला सारला. भाचीपुढे एक रबरी खेळणं धरलं. तिने ते उजव्या हाताने पकडलं, तोंडात घातलं आणि डाव्या हाताने खालून दाबून धरलं. मी पहिल्यांदा तो हात काम करताना बघत होते.

"हा उघडा ठेवा," बाई म्हणाल्या. "बाळ हातानेच शिकतं. ती तिच्या पद्धती स्वतः शोधून काढेल."

"ऑपरेशन?" भावाने विचारलं.

"बोटं कुणी देऊ शकणार नाही. पुढे मोठी झाल्यावर पकड सुधारायला काही करता येईल का ते बघू. कदाचित गरजही पडणार नाही."

आम्ही तिघं एकाच खोलीत बसून हे ऐकलं. घरी येईपर्यंत त्यातलं "पुढे बघू" तेवढं उरलं. आईला सांगताना भाऊ म्हणाला की पुढे ऑपरेशन होणार आहे. आईने देवापुढे साखर ठेवली. बारसं, फोटो, गावी नेणं, सगळं ऑपरेशन झाल्यावर. मी दोनदा सांगून बघितलं की त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. वहिनी म्हणाली, "ताई, एवढं तरी राहू दे ना." तिच्याकडे बघून मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

घरात, दार लावलेलं असताना, तो हात उघडा असायचा. वहिनी त्याची पापी घ्यायची, त्या दाण्यांना चिऊ, काऊ म्हणायची. बेल वाजली की मोजा चढायचा. मोजे लहान झाले तसे लांब बाह्यांचे फ्रॉक आले. मुलुंडच्या मे महिन्यातसुद्धा लांब बाह्या. पोरीच्या कोपरांत घामोळं उठायचं आणि आई त्याला चंदन लावायची, मायेने, फुंकर घालत. माया तिची खोटी नव्हती. खोटी असती तर मी कधीच तिच्याशी संबंध तोडले असते आणि सुटले असते.

भाची दीडेक वर्षांची असेल. आम्ही दोघी जमिनीवर डबे रचत होतो. ती डाव्या हाताने खालचा डबा दाबून धरायची आणि उजव्याने वरचा ठेवायची, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशी स्वतःची युक्ती काढून. बेल वाजली. इस्त्रीवाला होता. तिने डबे सोडले, डाव्या हाताची बाही दातांत धरून खाली ओढली, आणि मग दाराकडे बघून हसली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोलायलाही ती धड शिकली नव्हती. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले.

गेल्या महिन्यात तिच्या शाळेने तक्ता करून आणायला सांगितला, 'मी मोठी झाले'. जन्मापासूनचे फोटो क्रमाने चिकटवायचे. वहिनीने दुकानातून प्रिंट काढून आणल्या आणि मला बोलावलं, कारण कातरकाम मला बरं जमतं. रविवारची दुपार होती. भाऊ पेपर वाचत होता, आई तिच्या खुर्चीवर मेथी निवडत होती. आम्ही आत्या-भाची फरशीवर. मी फोटो कापत होते, ती चिकटवत होती. बाह्या तिने वर सरकवल्या होत्या. डाव्या हाताने कागद दाबायचा, उजव्याने गोंद फिरवायचा, झकास चाललं होतं तिचं. शाळेत तिला सगळं येतं. नाचात मात्र ती मागच्या रांगेत उभी राहते, ते बाईंनी ठरवलेलं नाही, तिने.

फोटो सगळे छान होते. वहिनीच्या मांडीवर, शाल पांघरलेली. पोटावर पालथी, एक हात अंगाखाली. भावाच्या कडेवर, डावी बाजू त्याच्या छातीशी. दिवाळीत लांब बाह्यांचं परकर-पोलकं. मी कापत होते आणि माझ्या लक्षात येत होतं, आणि तरी मी कापत राहिले.

तिच्याही लक्षात आलं. तिने गोंदाची कांडी खाली ठेवली. प्रत्येक फोटो उचलून जवळून पाहिला. मोज्यातला एक होता, दोन्ही हात गरगरीत. त्या डाव्या मोज्यावर तिने बोट ठेवलं, मग आपला हात शेजारी धरून बघितला.

"आत्या, मी बाळ होते तेव्हा मला हा हात आला नव्हता?"

भावाचा पेपर हलायचा थांबला. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला.

"आला होता की," मी म्हटलं. "जन्मताच आला होता. मी पाहिलाय."

तिने पुन्हा फोटोंकडे पाहिलं. ती चिडली नव्हती, रडत नव्हती. वस्तू सापडली नाही की त्या घरात जिला विचारायचं असतं, तिच्याकडे ती वळली.

"आजी, माझा हात कुठे ठेवला होतास गं?"

आईच्या मांडीवरची मेथी खाली सांडली. तिने आपला हात पुढे केला, तळवा वर करून, आणि कसंबसं म्हणाली, "दे बघू इकडे. तुझो हात दे."

भाची उठली. डावी बाही नीट खाली ओढली, आणि आजीच्या हातात उजवा हात दिला.