सांगा, काय झालं?

बाळ बाहेर आलं, रडलं, नाळ कापली की आम्ही ते आईच्या डोळ्यांसमोर धरायचो आणि विचारायचो, "सांगा, काय झालं?" आईनं स्वतःच्या तोंडानं, सिस्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं, मुलगा की मुलगी. तोवर बाळ तिच्यापासून हलवायचं नाही. मूल बदललं म्हणून पुढे कुणी भांडत येऊ नये, यासाठी हा नियम. आमच्या सरकारी दवाखान्यात कधी चादरी कमी पडायच्या, कधी नळाला पाणी नसायचं, पण हा नियम चुकल्याचं मला आठवत नाही.

बाहेर भिंतीवर भलीमोठी पाटी होती की इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही. आणि आत आम्ही दिवसभर तेच बायकांकडून वदवून घ्यायचो. शिकाऊ डॉक्टर म्हणून पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं. पुढे हसायला त्राणच उरलं नाही.

उत्तरं तऱ्हेतऱ्हेची मिळायची. एकीनं "तुमाले दिसत नाही का?" म्हणून मलाच झापलं होतं. तिसरी मुलगी झालेली एक जण भिंतीकडे तोंड करून पडली, आणि सिस्टरनं तीनदा विचारल्यावर "तेच" एवढंच म्हणाली. पण बऱ्याच बायका, ओरडून ओरडून घसा बसलेल्या, घामानं निथळलेल्या, ते ओलं, सुजलेल्या डोळ्यांचं गाठोडं बघून अशा हसायच्या की माझी कंबर दुखतेय हे मी क्षणभर विसरायचे. आता माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली विचारतात, मॅडम, रेसिडेन्सीत समाधान कशात असतं? मी त्यांना हेच सांगते. क्षणभर असतं, त्याहून जास्त नाही, हेही सांगते.

बाकी नुसता वैताग होता. घर मनीषनगरात, म्हणजे याच गावात, आणि तरी आठवडेच्या आठवडे घराचं तोंड दिसायचं नाही. वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. दुकानात जाताना ते माझा डबा पोचवायचे आणि संध्याकाळी परतताना बहुतेक वेळा तो भरलेलाच न्यायचे. "इतवारीतला हमाल बी दुपारी बसून जेवते," ते म्हणायचे, "तुमी डॉक्टर लोकं काहून नाही जेवत वं?" मी त्यांच्यावरच खेकसायचे. मी मूळचीच तापट, त्यात पाय सुजलेले, झोप नाही, आणि सकाळी राउंडला सगळ्यांदेखत बोलणी. माझ्या बरोबरीची एक जण पहिल्या काही महिन्यांतच सोडून गेली. तिला आम्ही नाजूक म्हणून हसलो. मनातून मला तिचा हेवा वाटला होता.

त्याच पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, कूलर नुसती गरम हवा फेकत असताना, कन्हानहून एक बाई आली. पहिलंच बाळंतपण, दिवस भरलेले. नवरा कोळशाच्या खाणीत कंत्राटावर, त्याला सुटी नव्हती, म्हणून सोबत सासू. सासूच्या पिशवीत जुन्या लुगड्याचे धुऊन, घडी घालून ठेवलेले मऊ तुकडे होते, बाळाला गुंडाळायला.

"मॅडम, लेकरू हलून नाही राहिलं," ती म्हणाली. "काल सांजपासून."

मी यंत्र पोटावर ठेवून ठोके शोधायला लागले. इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं. ऐकू येत होते ते तिचेच ठोके. असं शोधताना चेहरा कोरा ठेवायचा असतो, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती.

"भेटले का, मॅडम?"

नाही भेटले. सोनोग्राफीत बाळाचं हृदय थांबलेलं दिसलं. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. पोटावर हात ठेवून पडून राहिली.

बाहेर सासू ऐकताक्षणी जमिनीवर बसली. मग उठली आणि म्हणाली, "मंग कापून काढा ना वं बाई. मेलेल्यासाठी कोणी कळा देते का?"

मी तिला समजावलं की विनाकारण पोट कापलं तर पुढच्या बाळंतपणाला धोका, म्हणून कळा आणूनच सोडवायचं. 'पुढच्या' हा शब्द तिला पटला. मग तिनं माझ्या ॲप्रनची बाही धरली.

"एक करा. तिले दाखवू नका. फडक्यात गुंडाळून माह्याजवळ द्या, आमी माती देऊ. पाह्यलं का जीव लागते. माहं बी एक असंच गेलं होतं. मायनं पाहूच नाही देल्लं. बरं केलं तिनं. मी इसरली बी."

मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलं. मी सीनियरला जाऊन सांगितलं. ती हातमोजे चढवत होती. "नियम आहे," ती म्हणाली. "दाखव आणि विचार. नाहीतर उद्या हीच सासू म्हणेल, जिवंत मूल कुठे विकलंत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे मूल रडणार नाही, ते आईपुढे धरून तिच्याकडून मुलगा की मुलगी वदवून घ्यायचं, ही डॉक्टरकी की पोलिसखातं? पण पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला मत नसतं. असलं तर तिनं ते डब्यासारखं घरी परत पाठवायचं.

कळा सुरू झाल्या. तिच्या दोन्ही बाजूंना पडद्यापलीकडे बायका मोकळ्या होत होत्या. पलीकडून रडं ऐकू आलं की हिची मान तिकडे वळायची. एकदा तिनं माझा हात धरून विचारलं, "मॅडम, मी वरडली तं चालन का? का आता त्याचा काही उपेग नाही?" मी म्हटलं, ओरड गं, हवं तेवढं ओरड. ती ओरडली नाही.

दुपारी बाळ झालं. पूर्ण वाढलेलं, नखंसुद्धा आलेली. मी ते सासूच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"नोको मॅडम. घेऊन जा."

"पुढच्या टेबलवरची तयार आहे," सिस्टर म्हणाली. "विचारा आणि मोकळ्या व्हा."

मी विचारलं. "सांगा, काय झालं?" माझाच आवाज मला ऐकवेना. तिनं डोळे आणखी घट्ट मिटले. पुढच्या टेबलकडे दुसरी रेसिडेंट धावली. मी मात्र तिथेच स्टुलावर बसले, मांडीवर ते बाळ घेऊन. यात काही थोरपणा नव्हता. सकाळपासून मी बसलेच नव्हते आणि पाय उचलेनात. काय बोलायचं तेही कळेना, म्हणून जे दिसत होतं ते बोलत गेले. केस भरपूर आहेत म्हटलं. काळेभोर आहेत. हनुवटीला खळी आहे.

"खळी?" मिटल्या डोळ्यांनी तिनं विचारलं.

"हो. चांगली खोल आहे."

"त्याहिले हाय तशी."

आणि तिनं डोळे उघडले. मी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. तिनं फडकं बाजूला करून सगळं बघितलं. कान बघितले, तळवे बघितले, पाय हातात धरून ठेवले. मला वाटलं आता पुरे. तेवढ्यात मी परत न विचारताच ती मोठ्यानं, सिस्टरच्या दिशेनं म्हणाली, "पोट्टी हाय. मले पोट्टी झाली."

मी रडले. सिस्टरनं मला कोपर मारलं, पण तिनंही दुसरीकडे बघितलं.

बाहेर सासूनं ते गाठोडं घेतलं आणि पदराखाली धरलं. उघडून बघितलं नाही. "दाखवलं ना शेवटी?" ती मला म्हणाली. "आता वरीसभर रडत बसन ते."

खरंच रडली ती. वॉर्डात सगळ्या बाळंतिणींमध्ये तिची खाट. दूध उतरलं, ते गोळ्या देऊनही लवकर थांबेना. मी राउंडला तिच्या खाटेपाशी आले की पावलं भरभर उचलायचे. वाटायचं, सासूचंच खरं होतं, आपण एका बाईला उगाच जन्माचा चटका दिला. त्या आठवड्यात मी नोकरी सोडण्याचं मनात पक्कं केलं होतं. घरी सांगायला गेले, जेवायला बसले, आणि ताटावरच झोपले. उठले तेव्हा परत ड्यूटी होती. मी राहिले ती अशी. लोक म्हणतात सवय होते. मला सवय झाली नाही, मी फक्त थकत गेले.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना ती परत आली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. या वेळी तिला आधीच भरती करून घेतलं, दिवसातून कितीतरी वेळा ठोके ऐकले. मी ऐकताना ती पुन्हा माझ्या चेहऱ्याकडेच बघायची, म्हणून मी ठोके सापडले की लगेच मोठ्यानं सांगायचे. बाळंतपण मीच केलं. बाळ जोरात रडलं. हनुवटीला खळी नव्हती.

"सांगा, काय झालं?"

"पोट्टी," ती म्हणाली. "दुसरी."

सिस्टर नवी होती. तिनं विचारलं, "दुसरी? घरी एक आहे का?"

"घरी नाही. पण हे दुसरीच हाय."

मी बाळ गुंडाळून बाहेर नेलं. सासू दारातच उभी होती, पिशवीत पेढ्यांचा पुडा. तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी बघितला नव्हता. "पहिली बेटी, धनाची पेटी!" तिनं आल्या-गेल्या सगळ्यांना ऐकवलं.

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "तुमची सून दुसरी म्हणते, आजी."

तिचा हात पुड्यावरच थांबला. मला वाटलं आता भांडेल. तिनं बाळ माझ्याकडून घेतलं, फडकं जरा सैल केलं, बघितलं, आणि पुन्हा नीट झाकलं.

"आता सगळ्याहिलेच दाखवता का वं बाई? गेलेलं असन तरी?"

"सगळ्यांना."

"अन् इचारता बी? काय झालं म्हणून?"

"हो."

तिनं बाळाच्या कपाळावरचं फडकं मागे सारलं.

"मले कोणी नाही इचारलं," ती म्हणाली. "माहं थे पोट्टं होतं का पोट्टी, मले अजून ठाऊक नाही."