पहिली चूक वर असते

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल आली ती कापडावर नक्षी काढायलाच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलं तर शुद्धलेखनाची माफी असावी. बाकी कशाची मागत नाही.

मालकांनी माऊस पुसला. माझ्यासमोर. गिऱ्हाइकासमोर.

सांगलीत त्यांचं ब्लाऊजवर भरतकाम करून द्यायचं दुकान. पुढं काचेचं काउंटर, बाजूला कॉम्प्युटर आणि त्याच्यावर चालणारं मशीन. मागं चटईवर आम्ही हातानं आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईनं साखळीचे टाके, करणाऱ्या बायका. त्या दिवशी एका नवरीची आई आली होती. तिला हळदीच्या पानांची वेल आवडली, पण बाहीवर पानं उलट्या अंगानं हवी होती. वेल माझी. कागदावर मी काढलेली, ऑपरेटरनं बघून कॉम्प्युटरात घेतलेली. ऑपरेटर जेवायला गेला होता आणि मालकांना पान फिरवता येईना. मी रोज मागून बघायचे, मला येत होतं. उठले. "आवं, मी दावते," म्हटलं आणि माऊसला हात लावला.

"ए, हात काढ! चौथी शिकल्याली बाई तू. सुई धर. ह्ये काय भाकरीचं पीठ हाय व्हय मळायला?"

मग त्यांनी बाटलीतलं सॅनिटायझर फडक्यावर घेतलं. माऊस पुसला. माझा हात टेकला होता ती टेबलाची कडसुद्धा पुसली. नवरीची आई हसली. "लय हौस बघा ह्यास्नी," म्हणाली.

मीही हसले. तोंड दुसरीकडं कुठं न्यावं ते कळेना म्हणून.

पुढं दुकानात नवा कॉम्प्युटर आला. जुना भंगारात निघाला. मी घाबरत विचारलं, मला द्याल का? मालकांनी भंगारवाल्यापेक्षा जास्त किंमत सांगितली. "पगारातनं कापीन. आन् पैसे फिटंस्तोवर तुझी नवी नक्षी दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाई." मी हो म्हटलं. भरतकामाचा प्रोग्रॅम त्यांनी आधीच काढून घेतला होता. पोत्यात भरून एसटीनं आष्ट्याला घरी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "वर फडकं टाकून ठेव, पावण्यास्नी दावाया!"

माझी भाची शमा पलूसची. कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, आता पुण्यात नोकरीला आहे. घरात आमची बोली वेगळी, मामीला मुमानी म्हणायची, पण लिहायला मला मराठीच येतं, तर तिचं बोलणंही मराठीतच लिहिते. ईदला आली तेव्हा तिनं त्या कॉम्प्युटरच्या पेटीवर लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घातली. "मुमानी, ह्याला पैसा लागत न्हाई." चित्र काढायचा प्रोग्रॅम लगेच चालला. पण चित्राचे टाके करून देणारा जो भाग, तो जसा तयार मिळायचा तसा जुन्या पेटीवर चालेना. शमा म्हणाली, मग त्याचं मूळ लिखाण, कोड म्हणतात ते, आणायचं आणि इथंच बांधायचं. "हाटेलातनं मागवायचं न्हाई, घरात शिजवायचं. टाईम लागंल." काय टाईप करायचं ते लिहून देऊन ती पुण्याला गेली.

मी ते बघून बघून टाईप केलं. पडद्यावर इंग्रजी ओळी धावायला लागल्या आणि धावता धावता थांबल्या. शेवटच्या ओळीत एरर हा शब्द आणि दोनचा आकडा.

आरीकामात साखळी चुकली तर आम्ही शेपटाचा धागा धरतो. ओढला की टाका टाका उसवत चुकीपर्यंत जातं. हाताला तीच सवय. मी शेपूट धरलं. ती शेवटची ओळ अक्षर बघून बघून मोबाईलवर टाकली. मोबाईल ढीगभर उपाय सांगायचा. सगळे केले. तीच ओळ. सगळं पुसून पहिल्यापासून केलं. तीच ओळ. दुकानात मान खाली, घरात तीच ओळ. मला वाटायला लागलं, ह्या पेटीलासुद्धा कळलंय मी कितवी शिकले ते.

शेवटी शमाला फोन केला. पडदा दाखवला.

"मुमानी, शेवटची ओळ कशाला वाचतीस? ती नुसती सांगती काम बंद पडलं म्हणून. वर जा. पहिली चूक वर असती. बाकीच्या तिच्यापायी."

वर गेले. आणखी वर. पडदा संपायचा आणि अजून ओळी निघायच्या. तिथं सापडली. कुठली तरी एक फाईल मिळत नाही, एवढंच तिचं म्हणणं. शमा हसली. "ब्लाऊजपीस आणलंस, अस्तर ऱ्हायलं. प्रोग्रॅम चालवाया लागतं ते हाय तुझ्याकडं. बांधाया लागतं ते निराळं मागवाया लागतं." तिनं नाव सांगितलं, मी मागवलं. परत बांधायला लावलं. थोडं पुढं जाऊन परत अडलं. परत वर. परत दुसऱ्या कशाचं तरी अस्तर. काही चुका मला आजही कळत नाहीत, तिथं शमाच लागते. पण बघायचं कुठं, ते कळलं.

सोमवारी दुकान बंद असतं. अशाच एका सोमवारी ओळी धावल्या आणि संपल्या. एरर नाही. हळदीच्या पानाची वेल उघडली, तिचे टाके पाडायला सांगितले. पान पान करून टाके भरत गेले. माझ्या पेटीवर.

आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला.

कारण मी शेपटालाच धरून बसले होते. तो माऊस, ते फडकं, तेच रात्रंदिवस ओढत होते, आणि काही उसवत नव्हतं. आता वर गेले. माऊसच्या वर चटईवाल्यांचा वेगळा पेला, नळापाशी पालथा ठेवलेला. त्याच्या वर काउंटरमधली नक्षीची फाईल, प्रत्येक पानावर दुकानाचं नाव. त्याच्याही वर माझा कामाचा पहिला दिवस. "बघू तुझा कागद," मालक म्हणाले. मी वेल दिली. त्यांनी तिची घडी घालून खिशात टाकली. काही विचारलं नाही, काही दिलं नाही. आणि मी म्हटलं, उपकार झाले.

तिथं होती. पहिली चूक. ती त्यांची होती. मी नुसती तिच्यावर रोज टाके घालत आले.

मंगळवारी मालक चटईपाशी आले. "लगीनसराई आली. नवी वेल काढ."

"काढली हाय. देणार न्हाई."

बायांच्या सुया थांबल्या. माझा आवाज एवढा बारीक होता की त्यांना परत विचारावं लागलं. मी परत सांगितलं.

"आन् पेटीचं पैसं कोण फेडणार, तुझा बा?"

"मी."

"ऑपरेटर झाल्या बाईसाहेब!"

मी सुया डबीत भरल्या आणि काम सोडून उठले.

पैसे फिटेपर्यंत नक्षी दुसऱ्याला न द्यायचा शब्द दिला होता, तो मी पाळला. पलूसच्या एका मशीनवाल्या बाईनं वेल मागितली, तिला थांब म्हटलं. घरी फ्रेम बांधून आष्ट्यातल्या बायकांचे ब्लाऊज भरले. पाठ धरली. डोळ्यांतून पाणी यायचं. वेल पेटीत तशीच ठेवली.

मग सांगलीला गेले. काउंटरसमोर गिऱ्हाइकाची खुर्ची असते. बस असं कुणी म्हटलं नाही. मी बसले. नोटा काचेवर ठेवल्या.

मालकांनी घेतल्या. सॅनिटायझरची बाटली तिथंच, हाताजवळ होती. नोटा त्यांनी पुसल्या नाहीत.

"फिटलं?" मी विचारलं.

"फिटलं."

"तर आयका. त्या फायलीतल्या वेली माझ्या हाईत. आज न्हाई मागत. पर आता माझी नक्षी माझ्या नावानं जाईल, आन् घडी घालून कुणाच्या खिशात जाणार न्हाई."

हे मी चाचरत म्हटलं. पण खुर्चीतून उठायच्या आधी म्हटलं. पेटीचे सगळे पैसे फिटले होते.