बासरीला कोणाची हरकत नसते

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या ज्या शाळेत मी तिसरीला सोशल स्टडीज् शिकवते, तिथे जूनमध्ये शाळा सुरू झाली की महिन्याभराने पुस्तकं आणि गाणी निवडायची बैठक होते. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक धड्याला एक गोष्टीचं पुस्तक आणि एक संगीताचा तुकडा जोडायचा, असा आमचा नियम आहे. मुलांना समाज कळावा, हा हेतू. निवडणाऱ्या तिघी: हेडमिस्ट्रेस, मी आणि कन्नड शिकवणाऱ्या ज्येष्ठ बाई, ज्यांना सगळी स्टाफरूम अक्का म्हणते. प्रत्येकीला नापसंतीचा हक्क आहे. एकीने जरी नकारार्थी मान हलवली तरी पुस्तक बाद.

ऐकायला हे फार लोकशाही वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. कोळ्यांच्या गावाचं एक सुरेख पुस्तक होतं, ते मासळीमुळे गेलं. पालक तक्रार करतील म्हणे. शेतकऱ्याचं गेलं, कारण चित्रात तो अनवाणी होता आणि हेडमिस्ट्रेसना ते निगेटिव्ह वाटलं. लग्नाच्या वरातीचं गेलं, कारण नवरी रडत होती. उरलं ते ट्रॅफिक सिग्नलचं पुस्तक. त्यात माणूसच नाही, त्यामुळे कोणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न येत नाही. संगीताचीही तीच गत. ढोलाचा शेजारच्या वर्गाला त्रास होतो, भजन एका धर्माचं, सिनेमाचं तर नावच काढायला नको. बासरीला मात्र कोणाची हरकत नसते. म्हणून आमच्याकडे शेती, पाणी, वाहतूक आणि सार्वजनिक आरोग्य हे सगळं बासरीवर चालतं.

मीही यात काही मागे नाही. यंदा अक्कांनी ‘आपली वस्ती’ या धड्यासाठी एक पातळसं कन्नड पुस्तक आणलं. आमच्या शाळेजवळ दरवर्षी कार्तिकात शेंगांची जत्रा भरते, तिच्यावरचं. लोक येतात, शेंगा घेतात, खातात, टरफलं टाकतात आणि घरी जातात. पुस्तक संपलं. “यातून मुलं शिकणार काय?” असं विचारून मी मान हलवली. अक्का शांतपणे म्हणाल्या की तुमच्या लेझीमला मग माझीही मान हलेल.

लेझीमचं प्रकरण असं होतं. ‘आपली राज्ये’ या धड्यात महाराष्ट्रासाठी मी किल्ल्यावर सहलीला गेलेल्या मुलांचं पुस्तक आणि हलगी-लेझीमचं एक दणदणीत रेकॉर्डिंग निवडलं होतं, आणि यंदा मला ते हवंच होतं. कारण वर्गात एक नवी मुलगी आली होती. आदल्या दिवाळीनंतर नागपूरहून आलेली, घर बनशंकरीला, आईबाप दोघेही हेब्बाळच्या टेक पार्कमध्ये, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ही पोर वर्गात बोलतच नव्हती. हजेरीला हात वर करायची, लिहायची बरं, पण तोंडातून अक्षर नाही. हेडमिस्ट्रेसनी तिच्या आईला बोलावून सांगितलं होतं की दसऱ्याच्या सुट्टीनंतरही हीच परिस्थिती राहिली तर तिला दुसरीत बसवावं लागेल. त्यानंतर आईने मला फोन केला. म्हणाली, “मॅम, ती रोज विचारून राहिली आहे, दुसरीचे बाक छोटे असतात का.”

पहिल्या दिवशी मी तिला हळूच मराठीत “घाबरू नकोस हं” म्हटलं होतं तेव्हा तिने मान वर करून पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर ती माझी झाली होती. परगावी मराठी माणूस भेटला की आपण त्याला लगेच दत्तक घेतो. त्याला विचारायची पद्धत नाही. लेझीम वाजली की हिचा बांध फुटणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून मी अक्कांशी देवाणघेवाण केली. त्यांनी माझ्या लेझीमला होकार द्यायचा आणि मी त्यांच्या शेंगांना. हेडमिस्ट्रेसनी आवाज कमी ठेवायच्या अटीवर हलगी चालवून घेतली.

लेझीमचा तास सुट्टीच्या आधी झाला. मी आवाज मोठा केला. मुलं खूश झाली, दोघं तर बाकावर चढले. मग मी उत्साहाच्या भरात म्हटलं की आपल्या वर्गात एक महाराष्ट्रीय मैत्रीण आहे, ती आता आपल्याला या गाण्याबद्दल सांगेल. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. तिने मान आत ओढून घेतली, बाथरूमला जाऊ का म्हणून बोट वर केलं आणि घंटा होईपर्यंत परत आली नाही. नंतर कळलं की लेझीम तिने जन्मात पाहिलेली नव्हती. नागपुरात फ्लॅटमध्ये वाढलेली ती, कुठून पाहणार? मला भयंकर राग आला. आधी तिचा, मग हेडमिस्ट्रेसचा, आणि घरी आल्यावर विनाकारण नवऱ्याचा.

दसऱ्याची सुट्टी संपली. अक्का शेंगांचं पुस्तक वाचायला माझ्या वर्गात आल्या आणि मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले. अक्का कन्नडमध्ये वाचत होत्या, त्यामुळे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. मी मूळची पुण्याची. नवरा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, मुलगा लहानाचा मोठा होऊन इथेच कॉलेजात गेला, तरी माझं कन्नड स्वल्प, सरी आणि बेडा, म्हणजे थोडं, ठीक आणि नको, यांच्या पुढे सरकलेलं नाही. पुण्याच्या माणसाला परक्या गावची भाषा शिकायला वेळ लागतोच. आपली शुद्ध आहे हे त्या गावाला पटवण्यात त्याची बरीच वर्षं जातात.

“इल्ला मिस, इल्ला!” असा आवाज आला म्हणून मी मान वर केली. ती उभी होती, जोरजोरात नकारार्थी मान हलवत. पुस्तकातल्या चित्राकडे बोट दाखवून ती अक्कांना काहीतरी सांगत होती, भराभर, हातवारे करत. मग ती बाकाबाहेर आली. कमरेवर हात ठेवून कोणा म्हाताऱ्या बाईची नक्कल केली, मग समोरच्या काल्पनिक शेंगवालीची. वर्ग हसून हसून लोळत होता. अक्कांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी लाल पेन हातात धरून बसले होते. मला त्यातला स्वल्प एवढाच शब्द कळला.

तिचे आईबाप उशिरा येतात, तोवर ती खालच्या मजल्यावरच्या घरमालकांच्या आईकडे असते, हे मला माहीत होतं. ती अज्जी तिच्याशी रोज संध्याकाळी कोणत्या भाषेत बोलत असेल, हा विचार मात्र आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. शाळेत तिने दुसरी भाषा म्हणून हिंदी घेतली होती, त्यामुळे कन्नडच्या तासाला ती कधी बसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेडमिस्ट्रेसनी आम्हा दोघींना बोलावलं. “बोलली हे चांगलं आहे,” त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, “पण कन्नडमध्ये बोलली. सोशल स्टडीज् आपण इंग्लिशमध्ये शिकवतो. मग हे बोलणं धरायचं कसं?”

बेंगळुरूत, शेंगांच्या जत्रेबद्दल, कन्नडमध्ये बोललेलं धरायचं कसं! माझा ताबा सुटला. “मॅडम, धड्याचं नाव ‘आपली वस्ती’ आहे. बाकीची मुलं वस्तीबद्दलचा परिच्छेद म्हणून दाखवतात. या पोरीने वस्ती दाखवली. माझ्या ट्रॅफिक सिग्नलवर आजवर कोणी हसलं नाही.”

“पण ती जे बोलली ते बरोबर होतं? तुम्हाला समजलं?”

“शब्द न् शब्द,” मी म्हटलं.

अक्कांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझी तिथेच शोभा झाली असती. त्या एवढंच म्हणाल्या की मुलीने जे सांगितलं ते पुस्तकात नाही, पण जत्रेत आहे. हेडमिस्ट्रेसनी बराच वेळ पेन वाजवलं. मुलगी तिसरीतच राहील असं ठरलं आणि शेंगांचं पुस्तक पुढच्या वर्षीही ठेवायचं ठरलं. “फक्त त्याच्याबरोबर म्युझिक काय लावणार?” त्यांनी विचारलं, आणि आम्ही काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाल्या, “फ्लूट लावा.”

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. ती डबा खात एकटीच बसली होती. तिसरीतच राहणार हे सांगितल्यावर तिने “हो?” म्हटलं, तोंडातला घास नीट चावून गिळला आणि मग हसली. इतकं बरं वाटलं मला की तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ज्या भाषणाची मी शब्द न् शब्द ग्वाही दिली होती, ते निदान आता तरी समजून घ्यायला हवं होतं.

“काल तू अक्कामिसना काय सांगत होतीस?”

“तुम्ही तर होत्या नं तिथं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहून तिने डबा बाजूला ठेवला. चित्रात शेंगा तराजूत तोलल्या आहेत, ते चूक आहे, जत्रेत मापाने देतात. आणि माप भरलं की अज्जी हलत नाही. वर आणखी मूठभर पडेपर्यंत तिथेच उभी राहून एकच वाक्य म्हणत राहते. हे सगळं तिने मला थांबत थांबत, मध्येमध्ये समजलं का विचारत सांगितलं.

“कोणतं वाक्य?”

“इन्नू स्वल्प हाकी. म्हणजे अजून थोडं टाका.” ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. “सोपं आहे, मिस. म्हणा नं.”

पटांगणावर मुलं होती, पलीकडे पायरीवर दोन शिक्षिका चहा पीत बसल्या होत्या. एकीने आमच्याकडे वळून पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना.