माती आणणारी

सर स्टेजच्या पायऱ्यांवर आडवे उभे राहिले. माझा एक पाय पहिल्या पायरीवर होता. माइकवरून नुकतंच सांगितलं होतं, नवा जिवाणू शोधणाऱ्या संशोधकांनी वर यावं. म्हणून मी निघाले होते.

"तू खालीच थांब," सर म्हणाले. मग पाहुण्यांकडं वळून हसले. "ही आमची माती आणणारी."

पाहुणेही हसले. संस्थेचे अध्यक्ष मधल्या खुर्चीत होते. त्या जिवाणूला त्यांचंच नाव दिलं होतं. त्यांनी सरांना विचारलं, "हे जिवाणू डोळ्यानं दिसतेत काय हो?"

मी पाय काढून घेतला. सगळ्या हॉलसमोर. त्याची लाज मला अजून वाटते.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय. सर जिथं विभागप्रमुख, त्या कॉलेजात कंत्राटावर प्रयोगशाळा मदतनीस होते. भांडी धुणं हे माझं कागदावरचं काम. मुलाखतीत सरांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कोणत्या अंगाला. विषयाचं एक अक्षर विचारलं नाही.

घर वरवट बकालच्या पुढं, खारपाणपट्ट्यात. तिथं पाण्यात मीठ, जमिनीत मीठ. उन्हाळ्यात वावरावर पांढरी पापडी धरते. माय लोकांच्या वावरात तण निंदायला जाते. एका सुट्टीत मीही गेले. तिनं बांधाकडं बोट दाखवलं. सगळं उघडं पडलेलं, आणि मधेच गवताचा एक हिरवा झुपका.

"इतक्या खारात हेच काऊन जगून राह्यलं वं?"

 एवढी शिकलेली मी, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. गवत मुळासकट उपटलं आणि मुळांना चिकटलेली माती पिशवीत भरली.

कॉलेजात भांडी धुऊन झाली की मी त्या मातीमागं लागायची. मिठाच्या पाण्यात कालवायची, पातळ करायची, काचेच्या बशीत पसरायची. पाचव्या दिवशी एक ठिपका आला. फिकट केशरी. ओलसर. दुसऱ्या जिवाणूंतून त्याला वेगळा करायला महिने गेले. तो किती मीठ सोसतो, काय खातो, कशानं मरतो, सगळं वहीत लिहिलं. सरांच्या परवानगीनं जनुकाची तपासणी बाहेरून करून घेतली. आजवर नोंदलेल्या कुठल्याच जातीशी तो पुरेसा जुळत नव्हता.

सरांनी अहवाल टेबलावर टाकला.

"भेसळ झाली असेल. तुमच्या हातात स्वच्छता येणार कुठून?"

तुमच्या. मी तर एकटीच उभी होते. तुमच्या म्हणजे कोणाच्या, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी पहिल्यापासून परत केलं. परत तेच आलं. तेव्हा सर खुर्चीतून उठले. वह्या मागून घेतल्या. पुढच्या चाचण्याही मीच केल्या, कागद मात्र त्यांच्या नावानं गेले. नियमाप्रमाणे जिवाणू दोन देशांतल्या संग्रहांत जमा झाला. लेख छापून आला. लेखक चार. त्यातल्या दोघांनी ती बशी कधी पाहिली नव्हती. माझं नाव शेवटी, आभारात. मातीचा नमुना आणण्यास मदत.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, लेखकांत माझं नाव काऊन नाही?"

"आधी भाषा शीक," ते म्हणाले.

आठवड्यानं त्यांनी बोलावलं. टाइप केलेला कागद पुढं सरकवला. या संशोधनात माझा बौद्धिक सहभाग नाही. माझी कोणतीही हरकत नाही.

"सही कर. वर्षभर करार वाढवतो."

पेन हातात होतं. कागद मी दोनदा वाचला. पायरीवरून मागं घेतलेला पाय आठवला. पेन ठेवून दिलं.

"हे खोटं आहे. मी सही करत नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

वह्या त्यांच्याकडंच राहिल्या. पानांचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते, ते मी नियतकालिकाला पाठवले. उत्तर आलं, लेखकांचा वाद संस्थेनं सोडवावा. संस्थेनं समिती नेमली. प्रमुख कोण, तर अध्यक्ष. तक्रारीत तथ्य नाही, असा कागद मला मिळाला. आणि जिवाणूचं नाव? रीतसर छापलेलं नाव सहजी हलत नाही. सर मरतील, अध्यक्ष मरतील, मी मरेन. जिवाणू त्याच नावानं राहील.

जवळपासच्या कॉलेजांत अर्ज केले. सरांची ओळख सगळीकडं. कुठूनच बोलावणं आलं नाही. आता मी मायसोबत निंदायला जाते.

परवा मी ओट्यावर बसून विद्यापीठाला पत्र लिहीत होते. तिसरं. पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. माय जवळ येऊन बसली.

"आता नाव बदलते काय त्याचं?"

"नाही."

"तुले नोकरी देतेत?"

"नाही."

"मंग काऊन लिहून राह्यली?"

"त्यायनं चोरलं, हे कुठंतरी लिहेल पाह्यजे, माय."

"कोण वाचते?"

"कोणी नाही वाचलं तरी."

माय उठून आत गेली.

मला न्याय मिळेल असं वाटत नाही. पण मी गप्प बसून त्यांचं काम सोपं करणार नाही. तिसरं पत्र काल पोस्टात टाकलं. चौथ्याला आज बसलेय.