शेऱ्याचा कोरा रकाना

अनवरी शेख धुळ्यात आमच्या दूध संघाच्या संगणक विभागात १९९५ साली लागली. वडील हाशमभाई शिंपी. पोरगी बोलायची कमी. चहा मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त प्यायची.

एका जानेवारीत सोनगीरच्या संकलन केंद्रावरचा संगणक बंद पडला, म्हणून ती आणि मी जीपनं गेलो. तिथं जीवरामभाऊ बसत. सभासदानं दूध मोजून दिलं की पडद्यावरची त्याची अख्खी ओळ ते मोठ्यानं वाचत. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, आणि एखादा शब्द गाळणं म्हणजे लपवाछपवी, असं भाऊंचं पक्कं मत. संगणक सुरू झाला, धुरपदाबाईंची पाळी आली.

"धुरपदाबाई नथ्थू पाटील. म्हैस एक. शेरा, दुधात पाणी."

नवरा आजारी असताना बाईंनी एकदाच पाणी घातलं होतं, त्यालाही दोन वर्षं झालेली. पण शेरा रोज वाचला जाई आणि रांग रोज हसे. दुसऱ्याच्या फजितीवर हसणाऱ्यांचा मला अजून संताप येतो.

बाई म्हणाल्या, "आते म्हैस इकी टाकसू." म्हैस विकली तर घरात दुसरी मिळकत नव्हती.

अनवरीनं भाऊंना विनवून पाहिलं. "ताई, एकाचं गाळलं तर उद्या माझं खरं कोण मानेल?" त्यांचंही चूक नव्हतं.

प्रोग्रॅम बदलावा, तर लिहिणारा पुण्याला निघून गेलेला आणि मूळ प्रत बेपत्ता. आमच्या व्यवस्थापकांनी, रुपचंद साहेबांनी, बजावलं, "नोंद पुसायची नाही."

"पुसत नाही साहेब. मूळ तक्ता जसाच्या तसा राहील, त्याचं फक्त नाव बदलते. जुन्या नावानं एक व्ह्यू करते, म्हणजे त्याच तक्त्याकडे बघायची खिडकी. केंद्राचा प्रोग्रॅम तोच वाचेल, त्याला फरक कळणार नाही. शेऱ्याचा रकाना असेल, पण कोरा."

साहेबांच्या डोक्यात काही उजेड पडेना. मग शिंप्याच्या लेकीनं त्यांच्याच कोटाचं अस्तर दाखवलं. शिवणी आत राहतात, अंगाला लागतं ते अस्तर.

"सगळ्यांचाच रकाना कोरा?"

"सगळ्यांचा. एकट्या बाईंचा कोरा ठेवला, तर तोही शेराच होईल."

साहेब कुरकुरत हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा सोनगीरला गेलो. धुरपदाबाई आल्या होत्या. म्हशीचं गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं.

भाऊंनी वाचलं, "धुरपदाबाई नथ्थू पाटील. म्हैस एक. शेरा..." ते थांबले. चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

बाई मान खाली घालून उभ्याच. "पुढलं वाच, भाऊ."

"व्हतं ते बठ्ठं वाचं, अक्का. पुढे काहीच नई शे."

रांगेत कुणी हसलं नाही. हसायला काही उरलंच नव्हतं. बाईंनी रिकामी बरणी उचलली.

"मंग सांजले बी दूध आणसू," त्या म्हणाल्या.